सोलापूर–मुंबई : आबांच्या घड्याळाप्रमाणे

आदली रात्र

नववीला नकाशाचं प्रमाण शिकवत होते. सोलापूरच्या टिंबावर दोऱ्याचं एक टोक, मुंबईच्या टिंबावर दुसरं, मग दोरा पट्टीवर धरायचा आणि गुणाकार. पोरांनी काढलेलं उत्तर तीनशे साठ किलोमीटरच्या आसपास आलं. मी बरोबरची खूण करणार तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आमचे पप्पा रेल्वेत आहेत, ते चारशे पंचावन्न म्हणतात." त्याच्या शेजारच्याचा मामा ट्रकवर. तो म्हणे चारशे. वर्गात लगेच दोन पार्ट्या पडल्या. तिघंही बरोबर आहेत असं मी सांगितलं, पण पोरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की मॅडम भांडण मिटवायला काहीतरी बोलायलेत.

घरी येऊन आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील, वय ७८. सगळं आयुष्य गिरणीत टाइमकीपर म्हणून गेलं. भोंगा बंद होऊन जमाना झाला, तरी हातातल्या एचएमटीला रोज सकाळी सातला किल्ली देतात. ते म्हणाले, "किलोमीटर विचारतंय कोण? मुंबई एका रात्रीवर आहे."

सोलापुरात हे कुणालाही पटेल. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसायचं, पहाटे कल्याणच्या पुढे डोळे उघडायचे. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या मुंबई हे अंतर नव्हतंच, ती एक झोप होती. पुणं म्हणजे हुतात्मा एक्सप्रेस, सकाळच्या चार तासांची. जे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले, त्यांच्या नावाची ही गाडी रोज पुण्यालाच जाते, हे मला दर वेळी थोडं टोचतं.

पण आता गोष्ट बदलली होती. डोंबिवलीला भावाकडे बाळाचं बारसं होतं, आत्या मी, म्हणजे मला जाणं भागच. आणि ऑक्टोबर २०२५ पासून सोलापूर–मुंबई विमान सुरू झालेलं. भावानं परस्पर ठरवून टाकलं, येताना वंदे भारतनं या, जाताना विमानानं जा, तिकीट माझ्याकडून. आई म्हणाली, "कशाला उगी पैसे घालायचे?" आबांनी दोनशे पानी वही काढली, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे 'गाडी', उजवीकडे 'विमान'. वर लिहिलं, 'दारापासून दारापर्यंत.'

पहिला दिवस : गाडी

पाच वाजून पंधरा मिनिटांनी जुळे सोलापुरातल्या आमच्या दाराला कुलूप लागलं. आबांची पहिली नोंद तीच. पाच पस्तीसला स्टेशन. गाडी सहा-पाचची. या अर्ध्या तासात आबांनी फलाटावर चहा घेतला नाही, का तर वेळ कशात गेला ते वहीत नीट लिहिता आलं पाहिजे. 'फलाटावर बसणे' असं लिहून मोकळे झाले.

वंदे भारत सोलापूरहून १० फेब्रुवारी २०२३ पासून आहे. दरवाजा आपोआप बंद होतो याचं आईला अजून अप्रूप. आतला नाश्ता तिनं घेतला, बाजूला ठेवला आणि पिशवीतून धपाटे काढले. शेंगाची चटणी, दही, कांदा. पुढच्या सीटवरच्या सुटाबुटातल्या माणसानं दोनदा मागं वळून पाहिलं. तिसऱ्यांदा वळला तेव्हा आईनं एक धपाटा त्याच्या हातात दिला, विचारलंसुद्धा नाही.

रुळाच्या कडेला किलोमीटरचे आकडे असतात, विजेच्या खांबांवरही. ते मुंबईपासून मोजलेले, त्यामुळे आपण निघालो की आकडा उतरत जातो. आबा खिडकीला नाक लावून ते वाचत होते. मोहोळ गेलं, माढा गेलं. कुर्डुवाडीला आबांनी नेहमीप्रमाणे बार्शी लाइटची आठवण काढली. अडीच फुटी रुळांची ती गाडी १८९७ ला सुरू झाली. आबांच्या लहानपणी पंढरीच्या वारीला तीच. "तिच्यातून उतरून लघवी करून परत चढता यायचं," हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले आहे. खरं असेल नसेल, पण वेग मोजायचं ते आमच्या घरातलं एकक आहे.

भिगवणच्या अलीकडे उजनी धरणाचं पाणी लागलं. पांढरे बगळे होते, रोहित पक्षी मला दिसले नाहीत. पुणं सव्वानऊला. आणि पुण्यानंतर, लोणावळा ओलांडल्यावर, पोरांच्या प्रश्नाचं उत्तर खिडकीबाहेरच होतं.

बोरघाट. इथे रुळाचा चढ सदतीसला एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर किंवा खाली. अशा जड आगगाडीला याहून फार तीव्र उतार झेपत नाही, म्हणून डोंगराच्या अंगाअंगानं वळसे घेत, बोगद्यांतून उतरायचं. दोरा सरळ जातो, रूळ सरळ जाऊ शकत नाही. बाकीच्या बहुतेक गाड्यांना कर्जतहून घाट चढताना मागून जादा इंजिन लावावं लागतं, वंदे भारतला लागत नाही, तिची ताकद डब्यांखालीच वाटलेली असते. आणि दोऱ्याचा फरक एकट्या घाटामुळे नाही. रूळ आधी वायव्येला दौंडकडे जातो, मग पुण्याला, मग घाट उतरून कल्याणपर्यंत नकाशात वर, उत्तरेला सरकतो आणि तिथून पुन्हा मुंबईकडे खाली वळतो.

मी आबांना एक गंमत सांगितली. सोलापूरला रेल्वे आली १८६० ला, आणि बोरघाटाचा रूळ खुला झाला १८६३ ला. म्हणजे तीन वर्षं सोलापूरचा माणूस खंडाळ्यापर्यंत गाडीनं यायचा, घाट डोलीत नाहीतर बैलगाडीत उतरायचा, आणि खाली खोपोलीला पुन्हा गाडीत बसायचा. आबांनी विचारलं, "मग त्याला एकूण किती वेळ लागायचा?" ते मला माहीत नव्हतं. आबा नाराज झाले. असली अर्धवट माहिती गिरणीत चालली नसती.

कल्याण अकरा पस्तीस. तिथून रिक्षानं भावाच्या दारात बारा दहाला. वहीत बेरीज : सहा तास पंचावन्न मिनिटं. त्यात गाडीत बसलेले साडेपाच तास. कल्याणपर्यंतचे साधारण चारशे किलोमीटर धरले तर ताशी त्र्याहत्तर. आबांनी भागाकार दोनदा तपासला.

दुसरा दिवस : बारसं

बारसं छान झालं. पाळण्याखालून-वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, मी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, पाठीत सगळ्यांचे धपाटे खाल्ले. (हे खायचे नाहीत ते धपाटे.) घुगऱ्या वाटल्या. वहिनीच्या आईनं माझ्या आईची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि सुक्या खोबऱ्याच्या दोन घसघशीत वाट्या. या वाट्या लक्षात ठेवा.

संध्याकाळी भाऊ ऑफिसातून यायला नऊ वाजले. मुलीचं बारसं म्हणून अर्धा दिवस रजा मागितली होती, दुपारनंतर जावंच लागलं. आबांनी त्याला बसवून उलटतपासणी घेतली. घर ते डोंबिवली स्टेशन किती, लोकल किती, घाटकोपरला बदलून अंधेरी किती, पुढे रिक्षा किती. दोन तास जायला, दोन यायला. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तू रोज उठून सोलापूरहून पुणं गाठतोस की." भाऊ हसला. वहिनी हसली नाही.

तिसरा दिवस

मुंबईत काय बघायचं विचारलं तर आबा म्हणाले, जिथून आपले चारशे पंचावन्न मोजतात ते ठिकाण. सीएसएमटीला नेलं. गेटवे नको, राणीची बाग नको. लांबच्या गाड्यांच्या फलाटाच्या टोकाला रूळ संपतात, तिथे आबा उभे राहिले आणि समोर बघत राहिले. १८५३ ला पहिली गाडी इथून जवळच, बोरीबंदराहून ठाण्याला गेली होती. गर्दी अंगावरून जात होती. एका हमालानं विचारलं, "कौनसी गाडी, बाबा?" आबा म्हणाले, "कुठली नाय. बघायलोय." बाकी दिवस लोकलमध्ये गेला.

चौथा दिवस : विमान

विमान दुपारचं, एकच्या आधीचं. तिकिटावर प्रवास सव्वा तासाच्या आतबाहेर. ही वेळ कशी मोजतात ते मी आबांना आदल्या रात्री सांगितलं होतं. विमान इथल्या जागेवरून हललं की सुरू, तिथल्या जागेवर थांबलं की बंद. हवेतला वेळ त्याहून बराच कमी. आबांना ही पद्धत पसंत पडली. "गेटवरची हजेरी आणि मागावरची हजेरी वेगळी," ते म्हणाले.

नऊ वीसला दार सोडलं. डोंबिवली ते विमानतळ चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. शिळफाट्याला गाड्यांची जी रांग लागली होती तिच्यात आमच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद करून तंबाखू मळली, तोंडात टाकली, तरी पुढची गाडी हलली नाही. मग ऐरोलीचा पूल, मग जोगेश्वरी–विक्रोळी रस्ता. अकरा दहाला पोचलो. एक तास पन्नास मिनिटं. आबांनी लिहिलं आणि खाली स्वतःच्या मनानं शेरा मारला : 'बार्शी लाइट.'

आत सामान द्यायच्या रांगेत उभं राहिलो. काउंटरवरच्या मुलीनं नेहमीचे प्रश्न विचारले. पॉवर बँक आहे का, लायटर आहे का, सुकं खोबरं आहे का? आई अभिमानानं म्हणाली, "आहे की! ओटीचं आहे."

मुलीचा चेहरा पडला. सुकं खोबरं सामानात चालत नाही. त्यात तेल भरपूर, ते आपोआप तापू शकतं, पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या यादीत ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडतं. आख्खा नारळ चालला, वाटी नाही. मुलगी बिचारी मराठी होती, तिला हे सांगताना कसंतरी होत होतं. तिनं हळूच डब्याकडे बोट दाखवलं, तिथे टाका म्हणून. डब्यात आधीच कुणाकुणाचं खोबरं पडलेलं होतं. आईनं त्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओटीचं टाकायचं नसतं."

मग आम्ही रांगेतून बाहेर आलो, खुर्च्यांवर बसलो आणि खोबरं खायला लागलो.

सुकं खोबरं नुसतं खाऊन बघा. पहिला तुकडा गोड लागतो. दुसऱ्याला जबडा दुखायला लागतो. आबांची कवळी, त्यामुळे ते चघळत होते आणि घड्याळ बघत होते. मी आणि आई करकर चावतोय, शेजारून चाकांच्या बॅगा ओढत माणसं चाललीत. एक वाटी संपली, दुसरी कशी संपणार? पलीकडे एक बाई बसल्या होत्या, जरीची साडी, गजरा, बरोबर दोन पोरं, आपसात तेलुगू बोलत होत्या. आईनं वाटी पुढे केली. "घ्या हो, ओटीचं आहे, नाही म्हणू नका."

बाई म्हणाल्या, "द्या की मावशी. सोलापूरलाच चाललाव न्हवं? आम्ही पण तिकडचंच की, अशोक चौकातलं." मग काय, त्या दोघींचं लगेच कोण कुणाच्या गल्लीत यावर सुरू झालं. पोरांनी तुकडे मागून मागून घेतले. निम्म्याहून जास्त खोबरं पोटात आणि बाकी पोरांच्या खिशात गेलं असेल. आबांनी वहीत ओळ ओढली.

बारा पंचावन्नला विमान जागेवरून हललं. दोन-दोन खुर्च्यांच्या रांगांचं, ७६ जणांचं जेट. मधली खुर्ची नाही, म्हणून मला खिडकी, आईला वाट, आणि वाटेपलीकडे आबा. हललं, आणि धावपट्टीच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालतं. आमच्यापुढे किती विमानं होती ते मोजलं नाही. तेवीस मिनिटं गेली. एक अठराला चाकं सुटली. आबांनी डोळे मिटले होते, पण मनगट वर धरलेलं होतं.

सोलापूर मुंबईच्या आग्नेयेला. आणि विमान उडालं ते पश्चिमेला, थेट अरबी समुद्रावर. आई म्हणाली, "अगं, हे दुबईला तर नाही ना चाललं?" वाऱ्याच्या तोंडावर उडावं लागतं, मग वळायचं. निळं पाणी तिरकं झालं, किनारा आला, परत आला, आणि मग ढगातून सह्याद्री. ज्या घाटात आगगाडीला एवढे वळसे घ्यावे लागतात तो घाट खाली दोन सुरकुत्यांएवढा होता. मला रुळ शोधायचा होता. सापडला नाही.

कान बंद झाले तेव्हा आईनं पदराच्या गाठीतून राहिलेला खोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकला. सुटले.

घाटापलीकडे हिरवं संपलं, पिवळं सुरू झालं. मग एकदम पसरलेलं पाणी दिसलं, हातापायांची बोटं फाकवल्यासारखं. उजनी. आबांना हात करून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच घड्याळ पाहायचं विसरले. भीमेच्या दोन्ही बाजूंना उसाचे चौकोन, त्याच्या पलीकडे लगेच उघडा माळ. पाणी कुठपर्यंत पोचलं आणि कुठे थांबलं, ते वरून रेघ मारल्यासारखं दिसतं. वर्गात सांगून सांगून घसा बसला तरी कळत नाही ते.

एवढ्यात उतरायला लागलंच. ही धावपट्टी होटगी रोडची, शहराला खेटून. इथे मागे एकदा काही काळ विमान येत होतं, मग बंद पडलं. नंतर कितीतरी वर्षं गावात एकच वाद, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी. विमानाच्या वाटेत येते म्हणून पाडा, आणि शेतकऱ्याच्या पोटावर येते म्हणून पाडू नका. चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. विमानतळाचं उद्‌घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं, आणि पहिलं विमान जून २०२५ मध्ये गोव्याला गेलं. ते पंख्यांचं, एटीआर. दोऱ्यानं मोजलं तर गोव्याचा मोपा विमानतळ इथून तीनशे किलोमीटर, मुंबई तीनशे साठ. पण पंख्याचं विमान जेटहून हळू, त्यामुळे वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच. हा प्रश्न मी पुढच्या चाचणीत घालणार आहे. ज्या कुटुंबांचा ऊस त्या कारखान्याला जात होता त्यांची पोरंही माझ्या वर्गात आहेत, म्हणून चिमणीचा प्रश्न मात्र घालत नाही.

दोन सहाला चाकं टेकली. अठ्ठेचाळीस मिनिटं. कोणीतरी मागून "सिद्धेश्वर महाराज की जय" म्हणालं, अर्ध्या विमानानं जय म्हटलं. दोन पंधराला दार उघडलं. विमानाच्या जिन्यावरच ओळखीचं कोरडं ऊन. मुंबईत चार दिवस घामानं चिकटलेले आम्ही क्षणात वाळलो. पुढे पंधरा मिनिटांत सामान. एवढंसं विमानतळ, बॅगेला हरवायला जागाच नाही.

बाहेर रिक्षावाला, "विमानानं आलाव व्हय काका? कसं वाटलं?" आबा म्हणाले, "थांब, अजून दार यायचंय."

आसरा चौकातून जुळे सोलापूर. दोन पन्नासला कुलूप उघडलं. आबा चप्पल न काढता उंबऱ्यात उभे राहिले, शेवटची नोंद केली, मग आत आले.

बेरीज : साडेपाच तास. म्हणजे वंदे भारतमध्ये आम्ही नुसते बसून होतो तेवढाच, मिनिटाचाही फरक नाही. गाडीपेक्षा एक तास पंचवीस मिनिटं वाचली, तिकीट साधारण तिप्पट. भाऊ अंधेरीला राहत असता तर हिशेब विमानाकडे झुकला असता, आम्ही कुर्डुवाडीला राहत असतो तर गाडीकडे. तीनशे साठाला अठ्ठेचाळीस मिनिटांनी भागून आबांनी ताशी साडेचारशेचा वेग काढला, समुद्रावरचा वळसा सोडून. मग साडेपाच तासांनी भागला तर पासष्टच आला. आबा मिशीत हसले.

आईनं भाकरी टाकली. मी ताट घेऊन वही चाळत बसले. उजव्या रकान्यात आबांच्या तिरक्या अक्षरात सगळं होतं. रस्ता १ तास ५०. विमानात १ तास २०, पैकी हवेत ४८. सामान १५. रिक्षा २०. विमानतळावर १ तास ४५, आणि त्याच्याखाली कंसात, पेनानं दोनदा गिरवून :

(पैकी खोबरं खाणे, १८ मिनिटं. ही विमान कंपनीच्या नावे धरू नयेत.)